सोडियम बॅटरीचा एकथरी ॲनोड संगणकावर कसा पारखायचा

द्विमितीय, म्हणजे काही अणूंइतकीच जाडी असलेल्या, पदार्थांवरचा कुठलाही संगणकी शोधनिबंध उघडला की सारांशातच क्षमतेचा आकडा भेटतो: ग्रॅममागे पाचशे, आठशे, कधी हजाराच्याही वर मिलिअँपिअर-तास. प्रकल्पाचा विषय शोधणारे विद्यार्थी त्या आकड्यावर भाळतात आणि तिथून पुढचं सगळं काम त्याच्याच मागे धावतं. खरं तर या साऱ्या खटाटोपात क्षमता काढणं हा सर्वांत सोपा भाग आहे. त्याला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. पदार्थ ॲनोड (चार्ज करताना सोडियम साठवणारं बॅटरीचं टोक) म्हणून चालेल की नाही, हे त्याच्या आधीच्या पायऱ्यांवर ठरतं. त्या पायऱ्या कशा चढायच्या आणि पाय कुठे घसरतो, ते इथे सविस्तर मांडलं आहे.

मराठवाड्यातल्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांना हा विषय हाताशी येण्यासारखा आहे. सोडियमवर प्रत्यक्ष प्रयोग करायचे तर आरगॉन वायूने भरलेला ग्लोव्ह बॉक्स लागतो, आत पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन दशलक्षात एका भागाच्या आसपास ठेवावे लागतात, आणि तो खर्च नांदेड, लातूर किंवा परभणीच्या प्रत्येक महाविद्यालयाला झेपणारा नाही. संगणकी पारख मात्र सोळा कोअरचा आणि चौसष्ट जीबी मेमरीचा एक डेस्कटॉप आणि क्वांटम एस्प्रेसोसारखी मोफत प्रणाली यांवर सुरू करता येते. शिवाय गरजही इथलीच आहे. आपल्याकडे ऊन मुबलक, पण सौर पंप दिवसा चालतो आणि घरातला दिवा रात्री लागतो. एका जागी ठेवायच्या बॅटरीला वजन थोडं जास्त असलं तरी चालतं, किंमत मात्र कमी हवी. सोडियमचा दावा नेमका तिथे आहे.

ग्राफाइट सोडियमला का चालत नाही

लिथियम बॅटरीत ॲनोड ग्राफाइटचा असतो. सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम बसतो आणि त्याची क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास येते. तोच ग्राफाइट सोडियमला दिला तर साधारण चौसष्ट कार्बनमागे एक सोडियम एवढंच जमतं, म्हणजे जेमतेम ३५.

याचं कारण बहुतेक ठिकाणी ‘सोडियमचा आयन मोठा असतो’ असं एका वाक्यात दिलेलं असतं. आयन मोठा आहे हे खरंच आहे: लिथियमची आयनिक त्रिज्या ०.७६ अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग), सोडियमची १.०२. पण पोटॅशियमची त्याहून मोठी, १.३८, आणि तरीही पोटॅशियम ग्राफाइटमध्ये आठ कार्बनमागे एक अशा प्रमाणात व्यवस्थित शिरतो. तेव्हा नुसत्या आकाराने हे कोडं सुटत नाही. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला जी ऊर्जा खर्च होते, ती कार्बनच्या थराशी होणाऱ्या आकर्षणातून भरून निघत नाही. लिथियम लहान असल्याने थराच्या जवळ जातो आणि त्याला आकर्षण भरपूर मिळतं. पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन मुळातच स्वस्तात सुटतो. सोडियम दोन्ही बाजूंनी तोट्यात राहतो आणि कार्बनच्या थरात शिरण्यापेक्षा स्वतःच्याच धातूत राहणं त्याला परवडतं.

‘स्वतःच्या धातूत राहणं परवडतं’ हे नीट लक्षात ठेवा. पुढचं जवळपास सगळं गणित याच तुलनेवर उभं आहे.

आज सोडियम बॅटरीत प्रत्यक्ष वापरला जातो तो हार्ड कार्बन. त्याचे थर वेडेवाकडे असतात, त्यांतलं अंतर ग्राफाइटच्या ३.३५ अँगस्ट्रॉमच्या तुलनेत ३.७ ते ४ पर्यंत असतं, मध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात आणि क्षमता ३०० च्या आसपास मिळते. तो उसाच्या चोथ्यापासून आणि कापसापासूनही बनवता येतो, आणि या दोन गोष्टींची मराठवाड्यात कमी नाही. म्हणून नव्या द्विमितीय पदार्थाची स्पर्धा ग्राफाइटशी लावू नका. त्याला हार्ड कार्बनशी झुंज द्यायची आहे, आणि हार्ड कार्बन स्वस्त आहे.

गणिताची बैठक

हिशोबाची पद्धत डेन्सिटी फंक्शनल थिअरी, सगळे म्हणतात ती डीएफटी. पाया १९६४ मध्ये होहेनबर्ग आणि कोन यांनी घातला, १९६५ मध्ये कोन आणि शाम यांनी ती वापरण्याजोगी केली, आणि वॉल्टर कोन यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा माग काढण्याऐवजी इलेक्ट्रॉनांची घनता घेऊन ऊर्जा काढायची, ही त्यामागची कल्पना. अणू कुठे आहेत ते तुम्ही सांगता. एकूण ऊर्जा आणि प्रत्येक अणूवरचं बल ती तुम्हाला देते. या क्षेत्रात बहुतेक जण १९९६ चं पीबीई फंक्शनल (घनतेवरून ऊर्जा काढण्याचं एक सूत्र) वापरतात.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर घेऊन चालू. युनिट सेलमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत छोट्या तुकड्यात) एक मॉलिब्डेनम आणि दोन गंधक, कडा साधारण ३.१८ अँगस्ट्रॉम. ही सेल दोन्ही दिशांना चार वेळा मांडली की ४८ अणूंची सुपरसेल होते. त्यावर एक सोडियम ठेवला तर तो शेजारच्या प्रतिमेपासून सुमारे १२.७ अँगस्ट्रॉम दूर राहतो. हे अंतर महत्त्वाचं आहे, कारण गणितात सेल सर्व दिशांना अनंत वेळा पुन्हा येते. सेल छोटी घेतली तर तुम्ही ‘एकटा’ म्हणून ठेवलेला सोडियम आपल्याच प्रतिमांना ढकलत बसतो.

थराच्या वर १५ ते २० अँगस्ट्रॉम मोकळी जागा ठेवा. मग सेलचा आकार शिथिल करताना फक्त थराच्या पातळीतल्या दोन दिशा मोकळ्या सोडा. तिसरी दिशाही मोकळी सोडली तर प्रणाली निर्वात जागाच आकसवायला लागते आणि काही वेळाने तुमच्या हातात एकथरी पदार्थ न राहता भलताच थरांचा गठ्ठा उरतो. सोडियम एकाच बाजूला असेल तर त्या सेलमध्ये द्विध्रुव तयार होतो. त्यासाठी डायपोल करेक्शन लावा.

के-पॉइंटची (इलेक्ट्रॉनांच्या लहरी ज्या बिंदूंवर मोजतात त्यांची) जाळी मूळ सेलला १२×१२×१ असेल तर चौपट सुपरसेलला ३×३×१ पुरते. कटऑफ (लहरी किती बारकाईने धरायच्या त्याची ऊर्जा-मर्यादा) स्यूडोपोटेन्शियलवर (अणुकेंद्र आणि आतल्या इलेक्ट्रॉनांऐवजी वापरायच्या सोप्या पर्यायावर) अवलंबून असतो. क्वांटम एस्प्रेसोत लहरफलनासाठी ६० रिडबर्ग (ऊर्जेचं एक माप) ही बऱ्याचदा सुरक्षित सुरुवात ठरते, पण ती कोणी सांगितली म्हणून धरू नका. ४०, ५०, ६०, ७० असं वाढवत जा आणि अणूमागे एक मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं माप) आत ऊर्जा स्थिरावली की थांबा. सोडियमसाठी असं स्यूडोपोटेन्शियल निवडा ज्यात सर्वांत बाहेरच्या एका इलेक्ट्रॉनबरोबर त्याच्या आतल्या कवचाचेही इलेक्ट्रॉन धरलेले आहेत. सोडियम आयन झाला की तेच कवच शेजाऱ्यांना भिडतं.

थरांच्या पदार्थांत व्हॅन डर वाल्स आकर्षण (रासायनिक बंध नसलेल्या अणूंमधली ओढ) मोठं असतं आणि नुसतं पीबीई ते पकडत नाही. ग्राफाइटचे थर त्यात नीट बांधलेच जात नाहीत. म्हणून २०१० ची ग्रिमे यांची डी३ सुधारणा लावतात. लावा, पण सगळीकडे लावा. थराच्या ऊर्जेत ती आहे आणि संदर्भाच्या सोडियम धातूत नाही, असं झालं तर वजाबाकी दोन वेगळ्या मापांची होते. शिवाय डी३ चे गुणांक तटस्थ अणूंवरून काढलेले आहेत, आणि थरावर बसलेला सोडियम बराचसा आयन झालेला असतो. त्यामुळे डी३ सह आणि डी३ विना अशी दोन्ही उत्तरं द्यावीत. दोन्हींचा निष्कर्ष एकच निघाला तर तो भक्कम.

सोडियम चिकटतो म्हणजे नेमकं काय

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

अधिशोषण ऊर्जा, म्हणजे पृष्ठभागावर चिकटण्याची ऊर्जा, काढायची रीत सरळ आहे. सोडियमसह थराची ऊर्जा घ्या, त्यातून मोकळ्या थराची ऊर्जा वजा करा आणि एका सोडियमची ऊर्जा वजा करा. उत्तर ऋण आलं तर सोडियम चिकटतो. प्रश्न एवढाच की ‘एका सोडियमची ऊर्जा’ म्हणजे कोणती? निर्वातात सुटा तरंगणारा अणू, की सोडियम धातूतला एक अणू? या दोन्हींत सुमारे १.११ इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक आहे, कारण तीच सोडियम धातूची संसंजन ऊर्जा (धातूतला अणू सुटा करायला लागणारी ऊर्जा).

ग्राफीनचं, म्हणजे ग्राफाइटच्या एकाच थराचं, उदाहरण घ्या. निर्दोष ग्राफीनच्या ४×४ सेलवर षटकोनाच्या मध्यभागी सोडियम ठेवला तर पीबीईने सुट्या अणूच्या तुलनेत तो सुमारे ०.४६ इलेक्ट्रॉनव्होल्टने बांधला जातो. अधिशोषण ऊर्जा उणे ०.४६, म्हणजे दिसायला चांगलं. आता तीच गोष्ट धातूच्या तुलनेत मांडा: उणे ०.४६ अधिक १.११, म्हणजे अधिक ०.६५. सोडियमला ग्राफीनवर एकेकटं पसरून बसण्यापेक्षा एकत्र येऊन धातूचा गोळा करणं ०.६५ इलेक्ट्रॉनव्होल्टने स्वस्त पडतं. बॅटरीत याचा अर्थ असा की चार्ज करताना सोडियम साठणार नाही, पृष्ठभागावर धातू म्हणून जमेल, त्याच्या सुया वाढतील आणि त्या विभाजक (बॅटरीच्या दोन टोकांमधला पडदा) फोडून पलीकडे गेल्या की शॉर्ट सर्किट.

म्हणजे एकच गणित, एकच ऊर्जा, पण संदर्भ बदलला की ‘उत्तम’ पदार्थ निकामी ठरतो. बॅटरीत सुटा सोडियम अणू कुठेच नसतो. म्हणून निर्णयासाठी संदर्भ धातूचाच घ्या. सुट्या अणूचा आकडा द्यायचाच असेल तर शेजारी द्या आणि कोणता कोणाचा ते स्पष्ट लिहा. दुसऱ्याचा निबंध वाचतानाही आधी हे शोधा. उणे १.० असा आकडा सुट्या अणूच्या संदर्भात असेल तर तो पदार्थ काठावर नापास आहे.

सुटा अणू काढताना आणखी एक खाच आहे. सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन एकटा असतो, त्यामुळे गणितात स्पिन (इलेक्ट्रॉनचा चुंबकी गुण) चालू ठेवावं लागतं. ते विसरलात तर अणूची ऊर्जा सुमारे ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टने चुकते आणि तेवढी चूक सगळ्या तक्त्यात पसरते. धातूसाठी उलट काळजी: घनाच्या मध्यभागी अणू असलेली सेल, कडा पीबीईने ४.२ अँगस्ट्रॉमच्या जवळ, आणि के-पॉइंटची जाळी दाट, १६×१६×१६ च्या आसपास, स्मिअरिंगसह (इलेक्ट्रॉन भरलेल्या पातळ्यांची कड थोडी पुसट करून). थराला लावलेली विरळ जाळी धातूला पुरत नाही.

सोडियम कुठे ठेवायचा? षटकोनाच्या पोकळीवर, अणूच्या डोक्यावर, दोन अणूंच्या मधल्या बंधावर, अशा सगळ्या जागा तपासा. पण सोडियम बरोब्बर त्या सममित बिंदूवर ठेवू नका; ०.०५ ते ०.१ अँगस्ट्रॉम बाजूला सरकवून ठेवा. अगदी बिंदूवर ठेवला तर सममितीमुळे बाजूचं बल शून्य येतं आणि अस्थिर जागीही तो हालत नाही. गणित शांतपणे ‘स्थिर झालं’ म्हणून संपतं आणि खिंडीवरची जागा तुम्ही दरी समजून बसता. बल अणूमागे ०.०१ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अँगस्ट्रॉमच्या खाली येईपर्यंत थांबू नका.

फार घट्ट चिकटणंही कामाचं नाही. धातूच्या तुलनेत दोन-अडीच इलेक्ट्रॉनव्होल्टने बांधला गेलेला सोडियम डिस्चार्जच्या वेळी सुटून येणार नाही. दोष असलेल्या थरांत रिकाम्या जागेपाशी हे हमखास होतं.

थर स्वतः उभा राहतो का

नवा, कोणी न बनवलेला थर घेतला असेल तर हा प्रश्न सोडियमच्याही आधीचा. फोनॉन (अणूंची सामूहिक कंपनं) काढा. काल्पनिक (वर्ग ऋण येणाऱ्या) वारंवारिता दिसल्या तर थराला ती रचना मान्य नाही. अपवाद एकच: ब्रिलुआँ क्षेत्राच्या (ज्यात कंपनांच्या सगळ्या लहरी मांडतात त्या क्षेत्राच्या) केंद्राजवळ, थराच्या वर-खाली डुलण्याच्या शाखेत, अगदी छोटा काल्पनिक खळगा दिसतो. तो बहुधा जाळीचा आणि कमी अचूकतेचा दोष असतो. कटऑफ आणि सुपरसेल वाढवल्यावर नाहीसा होतो. केंद्रापासून दूर, क्षेत्राच्या कडेला दिसणारी काल्पनिक वारंवारिता मात्र खरी मानायची. ती लपवून पुढे जाऊ नये.

मग ३०० केल्विनवर रेणू-गतिकी (अणूंची हालचाल क्षणाक्षणाने काढणारं गणित) चालवतात, एक-दोन फेम्टोसेकंदांच्या पावलांनी, पाच ते दहा पिकोसेकंद. एवढ्यात थर विस्कटला नाही म्हणजे लगेच कोसळत नाही, इतकंच सिद्ध होतं.

तो हवेत टिकतो का, हा निराळा प्रश्न. फॉस्फोरीनचं (काळ्या फॉस्फरसच्या एका थराचं) उदाहरण बोलकं आहे. नागमोडी दिशेने सोडियमला फक्त ०.०४ इलेक्ट्रॉनव्होल्टचा अडथळा, आणि एका फॉस्फरसमागे एक सोडियम धरला तर क्षमता ८६५. कागदावर याला तोड नाही. पण दमट हवेत तो ऑक्सिजन आणि पाण्याशी अभिक्रिया करून खराब होतो, आणि सोडियम वाढत गेला की थर राहत नाही, सोडियम फॉस्फाइड बनतं आणि आकारमान कित्येक पटींनी फुगतं. बोरोफीन (बोरॉनचा एक थर) २०१५ मध्ये बनवलं गेलं ते चांदीच्या पृष्ठभागावर, निर्वातात. ते तिथून उचलून किलोच्या मापात ॲनोडवर आणणं ही अजून फार लांबची गोष्ट आहे.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्येही असंच लपलेलं वळण आहे. सोडियम शिरत गेला की त्याची अर्धवाहक रचना बदलून धातुगुणी रचना होते, आणि आणखी शिरला की मॉलिब्डेनम धातू आणि सोडियम सल्फाइड असे तुकडे पडतात. तुम्ही सुरुवातीचीच रचना शेवटपर्यंत धरून ठेवली तर संगणक तक्रार करणार नाही, तो जवळची दरी शोधून थांबेल. म्हणून प्रत्येक प्रमाणाला ‘याऐवजी तुकडे पडले तर ऊर्जा किती?’ हे विचारायचं. त्यासाठी लागणाऱ्या स्पर्धक संयुगांच्या रचना मटेरियल्स प्रोजेक्टच्या खुल्या साठ्यात मिळतात. ऊर्जा मात्र आपल्याच कटऑफने आणि आपल्याच फंक्शनलने पुन्हा काढा.

सोडियम पळतो किती वेगाने

एका वावरातून शेजारच्या वावरात जायचं तर बांध ओलांडावा लागतो, आणि शहाणा माणूस बांध जिथे सर्वांत खाली आहे तिथून जातो. सोडियमची एका पोकळीतून दुसऱ्या पोकळीत जाण्याची वाट अशीच शोधतात. या पद्धतीला नज्ड इलॅस्टिक बँड म्हणतात, सोयीसाठी एनईबी. दोन टोकांच्या स्थिर रचना घ्यायच्या, मध्ये पाच ते सात प्रतिमा (वाटेवरच्या मधल्या रचना) ठेवायच्या, आणि सर्वांत उंच प्रतिमेला चढू द्यायचं, म्हणजे ती नेमकी खिंडीवर जाऊन बसते.

बिघाड होतो तो बहुधा टोकांतच. दोन्ही टोकांच्या फायलींत अणूंचा क्रम तंतोतंत एक हवा. चित्र काढणाऱ्या प्रणालीतून फाइल पुन्हा साठवताना तेविसावा गंधक चोविसावा झाला, तर एनईबी त्या दोन गंधकांना एकमेकांतून आरपार नेण्याचा प्रयत्न करतं आणि अडथळा दहा-वीस इलेक्ट्रॉनव्होल्ट दिसतो. तसंच सोडियम सेलच्या कडेला असेल तर एका टोकात तो डाव्या कडेला आणि दुसऱ्यात उजव्या कडेला लिहिला जातो; मग वाट शेजारच्या पोकळीऐवजी अख्ख्या सेलमधून जाते. सुरुवात करण्याआधी मधल्या प्रतिमा डोळ्यांनी बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि दोन दिवसांची संगणकाची वेळ वाचते.

अडथळ्याचा अर्थ लावताना खोलीच्या तापमानाची ऊर्जा, ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, समोर ठेवा. अडथळा ०.०६ ने वाढला की वेग सुमारे दहापट घटतो, ०.१ ने वाढला तर सुमारे अठ्ठेचाळीसपट. तेव्हा ०.३ आणि ०.४ मधला फरक दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे. उलट ०.०४ आणि ०.०६ यांची स्पर्धा लावण्यात अर्थ नाही. दोन्ही औष्णिक ऊर्जेच्या इतके जवळ आहेत की उडीचं साधं सूत्रच तिथे डळमळतं.

बरेच जण विचारतात, रेणू-गतिकीतच सोडियम हालताना बघितला तर? अडथळा ०.३ असेल आणि आयन सेकंदाला दहाचा तेरावा घात इतके प्रयत्न करत असेल, तर एका उडीला सरासरी अकरा नॅनोसेकंद लागतात. तुमची गतिकी चालते दहा पिकोसेकंद, म्हणजे हजारपट कमी. त्यात सोडियम जागचा हलला नाही तर तो अडकला आहे असं म्हणता येत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही हिशोब करून पाहा. २७ अंशांवरून ४५ अंशांवर गेल्यास ०.३ अडथळ्याच्या थरात सोडियमचा वेग जवळपास दुप्पट होतो, १.९ पट. बॅटरी उन्हाळ्यात सुधारली असा याचा अर्थ काढू नका; इलेक्ट्रोलाइटच्या (आयन वाहून नेणाऱ्या द्रवाच्या) नको त्या अभिक्रियाही याच नियमाने वेग घेतात.

आणि मोकळ्या पृष्ठभागावरचा अडथळा म्हणजे प्रत्यक्ष इलेक्ट्रोडमधला अडथळा असं समजू नका. खऱ्या इलेक्ट्रोडमध्ये थर पुन्हा एकमेकांवर बसतात आणि दोन थरांच्या मध्ये सोडियमला दोन्हीकडून दाब येतो. एकथरीचं गणित झालं की दोन थरांचं एक तरी करा.

व्होल्टेज आधी, क्षमता शेवटी

सोडियमची संख्या एक, दोन, चार, आठ अशी वाढवत ऊर्जा काढा. प्रत्येक संख्येसाठी मांडण्या अनेक असतात. सुचली ती एक मांडणी घेऊन पुढे जाऊ नका, किमान सात-आठ वेगवेगळ्या करून सर्वांत खालची निवडा. मग निर्मिती-ऊर्जेचा (घटकांपासून ती रचना बनताना होणाऱ्या ऊर्जेतल्या फरकाचा) आलेख काढा आणि खालून दोरी ताणल्यासारखी कॉन्व्हेक्स हल काढा. दोरीवर बसणारी प्रमाणंच स्थिर. लगतच्या दोन स्थिर प्रमाणांमधला ऊर्जेचा फरक, त्यातून धातूतल्या तितक्या सोडियमची ऊर्जा वजा, भागिले सोडियमची संख्या आणि चिन्ह उलटं: हे त्या टप्प्याचं व्होल्टेज.

०.१ ते १ व्होल्टच्या दरम्यान असेल तर ॲनोडला योग्य. ऋण झालं की त्या पुढचा सोडियम धातू म्हणून जमणार, आणि क्षमतेची मोजणी तिथेच थांबवायची. काही निबंधांत थरावर सोडियमचा दुसरा, तिसरा थर चढवून क्षमता फुगवलेली असते. त्या वरच्या थरांचं व्होल्टेज वेगळं काढून पाहा, ०.०२ किंवा ०.०३ व्होल्ट येतं. गणिताची चूकच त्याहून मोठी असू शकते. तो साठलेला सोडियम म्हणायचा की नुसता धातूचा मुलामा, हे अशा आकड्यावरून ठरवता येत नाही.

आता क्षमता. २६,८०१ हा फॅराडेचा आकडा (एक मोल इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार) मिलिअँपिअर-तासांत. त्याला सोडियमच्या संख्येने गुणा आणि थराच्या मोलर वस्तुमानाने भागा. मॉलिब्डेनम डायसल्फाइड १६०.०७ ग्रॅम, दोन्ही बाजूंना एकेक सोडियम धरला तर ३३५. सोडियमचं वजनही धरलं तर २६०. प्रथा पहिलीची आहे, पण तुलना करताना दोन्हीकडे एकच रीत हवी.

मोठी क्षमता का फसवते ते या हिशोबात बघा. समजा कॅथोड (बॅटरीचं दुसरं टोक) ३.२ व्होल्टचा आणि १२० मिलिअँपिअर-तासांचा आहे. ॲनोड हार्ड कार्बन, ३०० आणि सरासरी ०.२ व्होल्ट. दोन्हींचं वजन धरून बॅटरीची क्षमता ग्रॅममागे सुमारे ८६ आणि व्होल्टेज ३.०, म्हणजे ऊर्जा २५७ मिलिवॅट-तास. आता ॲनोड नवा द्विमितीय घ्या, ८०० क्षमतेचा, पण सरासरी १.२ व्होल्टचा. बॅटरीची क्षमता १०४ होते, व्होल्टेज २.०, आणि ऊर्जा २०९. अडीचपटीहून जास्त क्षमतेचा ॲनोड लावून बॅटरीची ऊर्जा घटली! कॅथोड तोच असल्याने ॲनोडची वाढीव क्षमता फारशी कामी येत नाही, व्होल्टेज मात्र पुरतं वजा होतं. म्हणून तक्त्यात व्होल्टेजचा स्तंभ क्षमतेच्या आधी ठेवा.

निर्वातातल्या या गणिताला इलेक्ट्रोलाइट दिसत नाही, हेही प्रबंधात मोकळेपणाने लिहावं. एकथरी पदार्थाचा पृष्ठभाग प्रचंड असतो, आणि पहिल्याच चार्जमध्ये त्या सगळ्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन पापुद्रा बसतो. त्यात अडकलेला सोडियम परत मिळत नाही. मॅक्सीनसारख्या (धातू आणि कार्बन किंवा नायट्रोजन यांचे थर असलेल्या) पदार्थांत पृष्ठभागावर ऑक्सिजन, फ्लोरिन किंवा हायड्रॉक्सिल गट चिकटलेले असतात. ते न धरता उघड्या थराचं गणित केलं तर आकडे छान येतात, पण हायड्रोफ्लोरिक आम्लातून बनवलेला उघडा थर प्रयोगशाळेत कोणाच्याही हाती लागत नाही.

सुरुवात नव्या पदार्थावर करू नका. पहिल्या आठवड्यात चार गणितं करा: सोडियम धातू, सुटा सोडियम अणू, मोकळा ग्राफीन आणि सोडियमसह ग्राफीन, सगळी पीबीईने आणि डी३ विना. धातू आणि सुट्या अणूचा फरक १.१ च्या जवळ आला, ग्राफीनवरची बांधणी ०.४६ च्या जवळ आली आणि व्होल्टेज ऋण निघालं, तर तुमची मांडणी बरोबर आहे. नाही आलं तर आधी स्पिन बघा, मग धातूची जाळी, मग सेलचा आकार. वीज जाण्याची शक्यता असेल तिथे गणिताला कमाल वेळेची मर्यादा घालून ठेवा, म्हणजे ते स्वतःहून नीट थांबतं आणि पुढे तिथूनच सुरू करता येतं. झटक्यात बंद पडलेल्या एनईबीच्या अर्धवट फायली बऱ्याचदा वाचताच येत नाहीत. त्यानंतर मॉलिब्डेनम डायसल्फाइड, आणि मग तुमचा स्वतःचा पदार्थ.